तीन ईस करकोचे

विल्मट साहेबाला पाखरांचं वेड होतं, आणि त्या वेडापायी एक मेंढका तेरा दिवस कोठडीत बसला. लोक अजून मला सांगतात, मकदूम, तुझा साहेब भला माणूस होता रे, कधी कुणावर हात उगारला नाही, शिकारीला बंदूक उचलली नाही. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. भला होता म्हणूनच तर सांगतोय. वाईट साहेबाची गोष्ट सांगायला एवढा वेळ लागत नाही.

मी त्याचा दुभाष्या. कचेरीच्या कागदावर शिपाई, पण काम दुभाष्याचं. सोलापुरात भवानी पेठेत आमचं घर, बाप पिंजारी, कापूस पिंजून पिंजून खोकत गेला. मी मराठी चौथी झालो आणि एका गिरणीच्या इंजिनियर साहेबाच्या बंगल्यावर टेबल मांडायला लागलो. सहा वर्षांत तिथंच इंग्रजी उचललं, नुसतं कानानं. एबीसीडी कशी दिसते ते मला ठाऊक नव्हतं, पण बोलायला लागलो की पेठेतली पोरं तोंडाकडे बघत राहायची. मला त्याचा फार तोरा होता. मी रस्त्यानं चाललो की पानवाला पीरसाब ओरडायचा, "आलं बघा साहेबाचं तोंड", आणि मी मान ताठ करून पुढं जायचो. तोंडाला डोकंही लागतं हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

गोष्ट तेहेतीस सालच्या थंडीची. मार्शल लॉ उठून तीन वर्षं झाली होती, तरी सोलापुरात गोऱ्या माणसानं नुसतं बोट दाखवलं तरी समोरचा माणूस कामाला लागत होता. विल्मट साहेब कलेक्टर कचेरीत दुसऱ्या नंबरचा. खटले चालवायचा, फिरतीवर जायचा, आणि जिथं जाईल तिथं गळ्यात दुर्बीण. त्याच्याकडे एक जाड वही होती. कुठल्या गावी कोणतं पाखरू, किती, कुठल्या तारखेला, सगळं त्यात. चिमणी बसली तरी टिपायचा. खेड्यातले लोक अर्ज घेऊन उन्हात ताटकळत उभे आणि साहेब बाभळीवरच्या पाखराकडे टक लावून बसलेला, असं मी कितीदा पाहिलंय. अर्जवाल्यांना मी सांगायचो, थांबा, साहेब विचार करतायत.

होटगीच्या पलीकडे दक्षिणेला गेलं की आलेवाडीचं खोरं लागतं. दोन्ही अंगांना बसके माळ, मधून ओढा, आणि ओढा अडवून केलेलं जुनं तळं. निम्मे लोक घरात कानडी बोलतात, निम्मे मराठी, भांडताना दोन्ही. दिवाळी झाली की तिथं करकोचे उतरतात. राखी रंगाचे, माणसाच्या कमरेएवढे उंच, गळ्यावर काळी पिसं लोंबणारी आणि डोळ्यांमागून पांढरे तुरे. हिमालयाच्याही पलीकडून येतात म्हणे. सकाळी शेतात हरभरा टिपतात आणि ऊन चढलं की पाण्यावर येतात. साहेबाला त्यांची मोजदाद हवी होती. किती येतात हे आजवर कुणी नीट मोजलेलं नाही, आपण पहिले, असं तो मला तंबूत दोनदा म्हणाला.

मोजायच्या सकाळीच साहेब माळावरून उतरताना मुरमावर घसरला आणि पाय मुरगळून बसला. घोटा टम्म फुगला. तंबूसमोर खुर्ची टाकून, पाय गरम पाण्याच्या बादलीत ठेवून तो मला म्हणाला, तू जा, त्या मेंढक्याला घे आणि मला आकडा आणून दे.

मेंढका म्हणजे बिरदेव. तिशीतला, काटकुळा, डोक्याला लाल पटका आणि हातात सदा लोकर कातायची चाती. बापाच्या काळापासून त्यांची मेंढरं थंडीत याच खोऱ्यात. शेतकरी त्याला बोलावून रानात मेंढरं बसवून घेत, खत मिळतं म्हणून. करकोच्यांची त्याला पक्की माहिती होती. कधी येतात, कुठं निजतात, कोणता लंगडा आहे, सगळं. त्यानं मला खाकी कोट आणि लाल पट्टा उतरवायला लावला, अंगावर घोंगडं टाकलं आणि वाकून मेंढरांत चालायला सांगितलं. पाखरू माणसाला बुजतं, मेंढराला बुजत नाही, असं त्याचं म्हणणं. मी शहरातला माणूस. लेंड्या तुडवत, मेंढरांच्या ढुंगणाशी नाक घेऊन तळ्यापर्यंत गेलो. मनात साहेबाला लाखोली वाहत होतो, पण खरं सांगायचं तर पाखरं वीस पावलांवर उभी होती आणि एकानंही मान वर केली नाही. साहेबाला दुर्बिणीतून जे दिसत होतं ते मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं.

मीही मोजायला लागलो. चाळीसच्या पुढं गेलो आणि पाखरं हलली, माझं सगळं विस्कटलं. बिरदेव मात्र ओठांतल्या ओठांत पुटपुटत होता. वीस झाले की चातीच्या धाग्याला एक गाठ. परत पहिल्यापासून. तिसरी गाठ मारली आणि थांबला. मग उलट्या बाजूनं परत मोजलं. परत तीनच गाठी.

"तीन ईस," तो म्हणाला. "एक कमी न्हाय, एक जादा न्हाय."

आम्ही परत आलो. साहेबानं विचारलं, किती. मी एक पाऊल पुढं होऊन, छाती काढून सांगितलं, "थ्री ट्वेंटी, सर."

साहेब बादलीतल्या पायासकट उभा राहिला. पाणी सगळं सतरंजीवर. त्यानं पुन्हा विचारलं, "थ्री ट्वेंटी?" मी म्हणालो, "येस सर, थ्री ट्वेंटी, व्हेरी करेक्ट." बिरदेवला विचार, त्याची खात्री आहे का, असं साहेब म्हणाला. मी विचारलं, बिरदेव म्हणाला, दोनदा मोजलंय. तेही मी सांगितलं. साहेबानं बिरदेवचा हात हातात घेऊन हलवला आणि त्याला बिस्किटांचा अख्खा पुडा दिला. बिरदेवला बिस्किटं गोड लागली नाहीत, त्यानं ती कुत्र्याला घातली. मी त्या दिवशी फार खुशीत होतो. साहेबाला एवढा आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता आणि तो माझ्या तोंडून झाला होता.

मग संक्रांत झाली. साहेबाचा पाय बरा झाला होता. या खेपेला तो स्वतः खोऱ्यात गेला, मी मागं डबा घेऊन. माळावर पालथा पडून त्यानं दुर्बिणीतून मोजलं. परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मग दुर्बीण खाली ठेवली तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, विंचू चावला.

बिरदेवचा तळ जवळच होता. साहेब तरातरा तिकडं गेला. तळाशेजारी चार राखी पिसं पडली होती, आणि बिरदेवच्या कमरेला गोफण होती. गोफण कुठल्या मेंढक्याच्या कमरेला नसते? लांडगा आला तर काय हात जोडायचे? पण साहेबानं ती पिसं उचलली, गोफणीकडे पाहिलं आणि मला म्हणाला, विचार याला, बाकीचे पक्षी कुठं आहेत.

मी विचारलं.

"बाकीचं कुटलं?" बिरदेव म्हणाला. "हायेत की समदे. उलट दोन जादाच हायेत. मागनं आलं असतील."

मी जसंच्या तसं सांगितलं. "ऑल हिअर, सर. टू मोअर." साहेबाचे कान लाल झाले. त्याला वाटलं हा माणूस आपल्या तोंडावर आपली थट्टा करतोय. बिरदेव तर हसतही होता, कारण दोन पाखरं वाढली याचा त्याला आनंद झाला होता. मला काही कळेना. मी त्या दोघांच्या मधे उभा होतो, दोघांची भाषा मला येत होती, आणि दोघांपैकी एकाचंही बोलणं माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. संध्याकाळपर्यंत फौजदार आला आणि बिरदेवला घेऊन गेला. खोऱ्यात यापुढं एकही मेंढरू घालायचं नाही, असा हुकूम त्याच दिवशी चावडीवर लागला.

पाच दिवसांनी कचेरीत उलगडा झाला. तिथला कारकून चनमल्लप्पा, कानडी घरचा, मॅट्रिक झालेला, कोट घालून उकाड्यातही बटण न उघडणारा माणूस. त्यानं मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रातलं एक कात्रण मला दाखवलं. साहेबाचं नाव छापून आलं होतं. चनमल्लप्पानं मला मराठीत वाचून दाखवलं: सोलापूरच्या दक्षिणेला एका खोऱ्यात साहेबांनी एका वेळी तीनशे वीस करकोचे मोजले. एवढा मोठा थवा या भागात पूर्वी कुणी नोंदवलेला नाही. विलायतेतून दोन साहेबांनी अभिनंदनाची पत्रं पाठवली आहेत.

मी म्हणालो, "तीनशे कुठून आले?"

तो म्हणाला, "तूच सांगितलंस ना. थ्री ट्वेंटी म्हणजे तीनशे वीस. शाळेतलं पोरही सांगेल."

तीन ईस. थ्री ट्वेंटी. माझ्या डोक्यात ते साठच होते, आमच्या घरी अंडी, आंबे, गोवऱ्या सगळं विसांनीच मोजतात. साहेबाच्या डोक्यात ते तीनशे वीस झाले. मग त्यानं दुर्बिणीतून पाहिले बासष्ट, आणि बाकीचे दोनशे अठ्ठावन्न बिरदेवनं मारून बाजारात विकले असं ठरलं. मारले नव्हते, विकले नव्हते, मुळात आलेच नव्हते. जी पाखरं कधी जन्मालाच आली नाहीत त्यांच्या चोरीसाठी एक जिवंत माणूस आत बसला होता.

आता तुम्ही म्हणाल, मी लगेच साहेबाच्या खोलीत गेलो असेन. नाही गेलो. पुढचे सात दिवस मी गप्प बसलो. उद्या सांगू म्हणालो. साहेब कामात आहे म्हणालो. साहेबाला आपणहून उमगेल म्हणालो, एवढा शिकलेला माणूस, त्याला एकदा तरी वाटेल की चूक कुठं झाली असेल. रोज सकाळी पट्टा बांधून, साहेबाचा दरवाजा उघडून धरत होतो. जेवण जाईना. जमीलानं, माझ्या बायकोनं, दोनदा विचारलं आणि दोनदा मी तिच्यावरच खेकसलो. तो राग तिच्यावरचा नव्हता, तिला ते कळतही होतं.

बाराव्या दिवशी बिरदेवची आई केराबाई आलेवाडीहून चालत भवानी पेठेत आली. विचारत विचारत आमचं घर काढलं. पायांना भेगा, त्यात माती, लुगड्याला लोकर चिकटलेली. जमीलानं पाणी दिलं, भाकरी पुढं ठेवली. म्हातारी पाणी प्याली, भाकरीला मात्र तिनं हात लावला नाही. तिनं सांगितलं की मेंढ्या व्यायला लागल्यात, हुकमामुळं खोऱ्यात पाऊल टाकता येत नाही, शेजारचा मायाप्पा दोन दिवस राखून गेला पण त्याची स्वतःची शंभर आहेत. चार कोकरं थंडीनं गेली. आपल्याच्यानं रातभर शेकोटी होत नाही. हे सगळं ती न रडता सांगत होती. मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली:

"माजं लेकरू चोर न्हाय. तू संगं व्हतास की. तुज्यादेखत मोजल्याती."

मी मान खाली घातली. मावशी, उद्या बघतो, असं काहीतरी बोललो. जमीला दारात उभी राहून ऐकत होती. म्हातारी ओसरीवर टेकली तशी जमीला आत येऊन हळू आवाजात म्हणाली, "सच बोल को आव जी. नोकरी गई तो गई."

तेराव्या दिवशी सकाळी मी साहेबाच्या खोलीत गेलो. चनमल्लप्पा बाजूला कागद लावत होता. मी दार लोटलं आणि बोलायला लागलो. मी दोन्ही हातांची बोटं वर केली, दोनदा दाखवली, म्हणालो, "ट्वेंटी." परत दोनदा दाखवली, "ट्वेंटी." परत, "ट्वेंटी." मग म्हणालो, "थ्री ट्वेंटी, सर. धिस थ्री ट्वेंटी. माय मिस्टेक. मॅन नो मिस्टेक."

साहेबाला तत्काळ कळलं. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण मी त्याच्या तोंडासमोर दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. आधी त्यानं माझ्या बोटांकडे पाहिलं, मग त्याचे ओठ हलले, त्यानं मनात गुणाकार केला, आणि मग मानेपासून कानापर्यंत लाल होत गेला. टेबलावर ते कात्रण काचेखाली ठेवलेलं होतं, शेजारी विलायतेची दोन पत्रं. तो त्यांच्याकडे पाहत बसला. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. बराच वेळ खिडकीबाहेर बघून त्यानं चनमल्लप्पाला बोलावलं आणि त्याच्याशी भरभर बोलला, माझ्या कानाला न पेलणारं इंग्रजी.

चनमल्लप्पानं मला बाहेर नेऊन समजावलं. साहेबांचं म्हणणं असं की आकडा छापून झालेला आहे, तो आता साहेबांच्या हातात राहिलेला नाही. विलायतेत लोकांनी वह्यांत उतरवून घेतलाय. एका शिपायाच्या बोलण्यावरून तो मागं घ्यायचा म्हणजे साहेबांची छी थू होईल. परंतु साहेब दयाळू आहेत. मेंढक्याला आजच सोडतील. त्यानं एका कागदावर अंगठा द्यायचा, की माझ्या हातून पक्षी मारले गेले, पुन्हा मारणार नाही आणि त्या खोऱ्यात मेंढरं घालणार नाही.

मी विचारलं, साहेबाला पटलंय ना की साठच होते?

चनमल्लप्पानं गळ्याजवळचं बटण चाचपलं. म्हणाला, पटण्याचा प्रश्नच नाही.

दुपारी बिरदेवला आणला. दाढी वाढलेली, पटका कुणीतरी काढून घेतलेला, उघड्या डोक्यानं तो माणूस अर्धा झाल्यासारखा दिसत होता. मला बघून त्याला बरं वाटलं. त्याला वाटलं, आपला माणूस आहे इथं. साहेब खुर्चीत बसला होता आणि टाकाचं टोक पुसत होता, एकदाही त्यानं वर पाहिलं नाही. चनमल्लप्पानं कागद वाचला. त्यात दोनशे अठ्ठावन्न आलं. बिरदेवनं मला विचारलं, हे किती ईस होतात. मी हिशेब करून सांगितलं, बारा ईस आणि वर अठरा.

त्यानं थोडा वेळ मनाशी जुळवून पाहिलं. "तीन ईसातनं बारा ईस कसं मारू?" तो म्हणाला. "आन मारल्यावर तीन ईस उरतील कसं?"

त्या खोलीत इंग्रजी शिकलेले दोघं होते आणि कायदा शिकलेला एक. मी बिरदेवचा प्रश्न साहेबाला इंग्रजीत सांगितला, शब्दन् शब्द, मुद्दाम मोठ्यानं. साहेब टाक पुसत राहिला.

बिरदेव अंगठा द्यायला तयार नव्हता. केलं नाही ते केलं म्हणून लिहून द्यायचं नाही, असं तो शांतपणे म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला. त्याची काही घाई नव्हती. मग त्यानं विचारलं, मेंढरं कोण राखतंय. मला खोटं बोलता आलं असतं. मी सांगितलं, की मायाप्पा दोन दिवस होता, आता कुणी नाही, तुझी आई फाटकाशी बसलीय, चार कोकरं मेली. तो उठला, टेबलापाशी गेला आणि अंगठा पुढं केला. चनमल्लप्पानं शाई लावली. कागदावर ठसा उठला तेव्हा बिरदेवचा हात स्थिर होता.

मग साहेब पहिल्यांदा बोलला. मला म्हणाला, त्याला सांग, मी त्याला माफ केलंय.

मी तोंड उघडलं नाही. अकरा वर्षं लोकांच्या तोंडचं दुसऱ्या तोंडात घालत आलो होतो. शिव्या घातल्या, खोट्या साक्षी घातल्या, एकदा एकाची फाशीही घातली. हे एक वाक्य माझ्याच्यानं मराठीत होईना. साहेबानं परत सांगितलं. मी भिंतीकडे बघत उभा राहिलो. शेवटी चनमल्लप्पानंच सांगितलं, साहेबांनी माफी दिलीय.

"कशाची?" बिरदेवनं विचारलं. तो थोडा थांबला आणि बाहेर गेला.

मला कामावरून काढलं नाही, हेही सांगून टाकतो. काढायचं तर कारण लिहावं लागलं असतं. साहेबाची बदली होईपर्यंत मी त्याचा दरवाजा उघडत राहिलो आणि त्यानं मला कधी एक कठोर शब्द ऐकवला नाही. लोक यालाच भलेपणा म्हणतात.

मी बिरदेवच्या मागं फाटकापर्यंत गेलो. केराबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, आपला पदर फाडून त्याच्या डोक्याला बांधला आणि लगेच चालायला लागली. तिला कोकरांची घाई होती. बिरदेव मात्र माझ्यासाठी थांबला. मी त्याला सगळं सांगितलं, तीन ईसाचं थ्री ट्वेंटी कसं झालं, साहेबाला कसं कळलं आणि कळूनही तो कसा फिरला. साहेबाला बोलायला लागलो तो माझ्या तोंडाचा पट्टा थांबेना. बिरदेव ऐकत होता. मधेच त्यानं विचारलं:

"सायबाच्या बोलीत साठाला शबुद न्हाय व्हय?"

शब्द होता. दोन होते, हीच तर अडचण होती. सिक्स्टी आणि सिक्स्टीन. एक साठ, एक सोळा. इंजिनियर साहेबाच्या बंगल्यावर एका नाताळला मडमेनं सोळा खुर्च्या मांडायला सांगितल्या होत्या आणि मी गिरणीतून टांग्यांत घालून साठ आणल्या. पंचवीस गोरी माणसं हसली. मडमेनं मला मधे उभं करून तो शब्द दहादा म्हणायला लावला आणि दर खेपेला ती जास्तच हसली. तेव्हापासून मी ते दोन्ही शब्द तोंडात घेतले नाहीत. सोळा आले की ‘फिफ्टीन अँड वन’, साठ आले की काहीतरी फिरवून. त्या दिवशी तंबूपुढं साहेब विचारत होता, बिरदेव शेजारी उभा होता, आणि कोणता साठ, कोणता सोळा, याची मला खात्री नव्हती. थ्री ट्वेंटी सोपं होतं, कानाला भारदस्त लागत होतं, म्हणून तेच ठोकून दिलं. साहेबाला शिव्या देताना हे मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, जमीलालासुद्धा नाही. बिरदेवला सांगितलं.

त्यानं बांधलेला पदर डोक्यावर घट्ट केला. आवाज चढवला नाही.

"मला ईसाच्या म्होरं मोजता येत न्हाय," तो म्हणाला. "म्हून मी गाठी मारल्या. तुज्याम्होरं मारल्या, लपवलं न्हाय. तुला येत न्हवतं तर येत न्हाय म्हणायचं, दादा. येवडंच व्हतं की."

आणि तो आईच्या मागं चालू लागला. त्या थंडीत त्यांनी मेंढरं खोऱ्याला वळसा घालून दूर अकलकोटाकडे नेली, आणि पुन्हा कधी आणली नाहीत. त्याला द्यायला मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. अजून शोधतो, आणि दर वेळी तोंडात येतात त्या साहेबाला द्यायच्या शिव्याच.